पुण्यश्लोक अहिल्याबाई : श्रीशंकराच्या नावाने चाललेले राज्य

उज्जयिनीत जन्मलेल्या मुलाला या नगरीचा राजा कोण, हे कोणी शिकवावे लागत नाही. श्रावणातील सोमवारी श्रीमहाकालाची पालखी महाद्वारातून बाहेर पडते, सशस्त्र पोलिसांची तुकडी तिला मानवंदना देते, आणि मग स्वारी क्षिप्रेच्या पूजनासाठी रामघाटाकडे निघते. राजाने प्रजेचे क्षेमकुशल पाहण्यास बाहेर पडावे, तसा हा सारा थाट. कोणाही राज्यकर्त्याने या नगरीत रात्रीचा मुक्काम करू नये, ही समजूतही येथे फार खोल रुजलेली आहे; मोठमोठे पुढारी वर्षानुवर्षे ती पाळीत आले. एका नगरीत दोन राजे कसे नांदावेत, असा त्यातील भाव.

हा भाव केवळ आपल्याच गावचा आहे असे नव्हे. मेवाडचे महाराणे स्वतःस श्रीएकलिंगजींचे दिवाण म्हणवीत. तिकडे दक्षिणेत त्रावणकोरच्या मार्तंडवर्मा राजाने १७५० साली आपले सर्व राज्य श्रीपद्मनाभाच्या चरणी अर्पण केले आणि पुढील राजे त्या देवाचे दास म्हणून राज्य करू लागले. परंतु समारंभाने राज्य देवाला देणे ही एक गोष्ट झाली, आणि अठ्ठावीस वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ ते देवाचे आहे असे समजून चालविणे ही अगदी निराळी गोष्ट. ती दुसरी गोष्ट आपल्यापासून पंचावन्न किलोमीटरांवरील इंदूरच्या आणि त्यापलीकडील महेश्वरच्या भूमीवर घडली. त्या घडविणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे चरित्र या अंकासाठी लिहावे, अशी तीर्थरूप वडिलांची आज्ञा झाली.

आज्ञेमागचे कारण सांगितले पाहिजे. गतवर्षी मंडळाने उत्सवाच्या अन्नदानाची व्यवस्था आणि तिचे हिशेब माझ्यासारख्या अननुभवी तरुणावर सोपविले. वडील गाभाऱ्यात पूजा करतात, म्हणून मुलालाही देवाचे काम जमेल, असे वडीलधाऱ्यांनी मानले असावे. पहिल्याच महिन्यात माझी झोप उडाली. देवावर भार टाक, असे जो तो सांगे. पण भार टाकावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे कोणी सांगेना. चिंता सोडावी तर हिशेब चुकत, हिशेब धरावा तर चिंता सुटेना. शालेय पुस्तकातील अहिल्याबाई मला ठाऊक होत्या. शुभ्र वस्त्र नेसलेल्या, तळहातावर शिवलिंग धरलेल्या, शांत मुद्रेच्या. त्या चित्राकडे पाहिले की वाटे, हिला सारे सोपे गेले असेल. चरित्र नीट वाचले तेव्हा आपण किती चुकलो होतो ते कळले.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली, आज ज्याला अहिल्यानगर जिल्हा म्हणतात त्या भागातील चौंडी या लहानशा गावी, शिंदे नावाच्या धनगर पाटलाच्या घरी झाला. वडिलांचे नाव माणकोजी. मल्हारराव होळकर हे त्या वेळी बाजीराव पेशव्यांचे पराक्रमी सरदार. माळव्याची वाटणी होऊन उज्जयिनी शिंद्यांकडे आणि इंदूरकडील मुलूख होळकरांकडे आला होता. मल्हाररावांनी ही मुलगी सून म्हणून पसंत केली आणि १७३३ साली त्यांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी तिचे लग्न झाले. वय अवघे आठ. पुढे मालेराव हा पुत्र आणि मुक्ताबाई ही कन्या अशी दोन अपत्ये त्यांना झाली.

१७५४ च्या मार्च महिन्यात मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला असता खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाईंचे वय अठ्ठावीस. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. वृद्ध मल्हाररावांनी त्यांच्यापुढे पदर पसरला म्हणावे, अशा शब्दांत विनवणी केली : मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर माझ्या म्हातारपणी या दौलतीकडे पाहावयाचे कोणी? अहिल्याबाई परतल्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया मात्र सती गेल्या. या एका क्षणाचा विचार करू लागलो की मन थबकते. धर्म म्हणून सर्वांनी जे सांगितले ते बाजूस ठेवून, सासऱ्याच्या हाकेत देवाची हाक ऐकावयाची, याला किती बळ लागले असेल! लोकनिंदेची भीती तर असणारच. पण पुढे जे काही झाले, त्या सर्वांचा पाया त्या दिवशी कुंभेरीच्या छावणीत घातला गेला.

मल्हाररावांनी सुनेला नुसते घरात ठेवून घेतले नाही. स्वतः मोहिमेवर असता वसुली, रसद, दारूगोळा, तोफखाना ही सर्व कामे ते तिच्यावर टाकू लागले. १७६५ सालची त्यांची पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, तोफांची आणि त्यांच्या सामानाची तजवीज ठेवावी, अशा स्पष्ट सूचना सुनेला केलेल्या आढळतात. पूजाअर्चेत मग्न असलेल्या बाईवर राज्य अकस्मात येऊन पडले, अशी जी समजूत आहे ती खरी नाही. बारा वर्षे त्या हे काम शिकत होत्या. देवावरील विश्वास आणि कामाची तयारी ही दोन निराळी खाती नव्हेत, हे मला येथे प्रथम उमगले.

२० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूर येथे निवर्तले आणि नातू मालेराव गादीवर आला. आईच्या दृष्टीने याहून कठीण काळ कोणता असेल? मालेराव चंचल आणि क्रूर बुद्धीचा निघाला. आई ज्या ब्राह्मणांना दानधर्म करी, त्यांच्या जोड्यांत आणि वस्त्रांत तो विंचू लपवून ठेवी, असे सांगतात. पुढे एका निरपराध कारागिराचा त्याने संशयाने वध केला आणि त्या पापाच्या भयाने त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले. अहिल्याबाई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून राहिल्या, देवाला साकडे घातले, त्या मृताच्या आत्म्याला शांत करण्यासाठी नवस केले. काही उपयोग झाला नाही. गादीवर येऊन वर्षही झाले नव्हते, तोच १७६७ साली मालेराव वारला. आईनेच मुलाला मारविले, अशी एक अफवा नंतर पसरली. पुढे इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने माळव्यात राहून या गोष्टीचा मुद्दाम शोध घेतला आणि ती निखालस खोटी असल्याचे लिहून ठेवले.

पती गेला, सासरे गेले, सासूबाई गौतमाबाई त्याआधीच १७६१ साली गेल्या होत्या, आणि आता एकुलता एक पुत्र गेला. नवसाला देव पावला नाही. आपण सामान्य माणसे अशा वेळी देवाशी अबोला धरतो. अहिल्याबाईंना तेवढीही सवड मिळाली नाही, कारण संकट दाराशी उभे होते.

होळकरांचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी असा बेत मांडला की, बाईने एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा आणि स्वतः देवधर्म करीत स्वस्थ बसावे. कारभार कारभाऱ्यांनी पाहावा. वरवर पाहता हा सल्ला भक्त स्त्रीला साजेसाच होता. तू जप कर, आम्ही राज्य करतो! परंतु अहिल्याबाईंनी तो झिडकारला. एका सुभेदाराची मी पत्नी आणि दुसऱ्याची माता. या घराचा पुढचा वारस ठरविण्याचा अधिकार माझा आहे, अशी त्यांची भूमिका होती. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ईश्वरनिष्ठेचे निमित्त करून जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची सोय त्यांना आयती मिळत होती. ती त्यांनी घेतली नाही.

चंद्रचूडांनी मग पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांस कळविले की, होळकरांची दौलत बेवारस आहे, त्वरित यावे. रघुनाथराव फौज घेऊन माळव्यात आले. आपल्याकडील जुनी माणसे सांगत आली आहेत ती गोष्ट याच वेळची. दादासाहेबांचा तळ उज्जयिनीजवळ क्षिप्राकाठी पडला होता, पलीकडे तुकोजी होळकर फौजेनिशी उभे होते, आणि क्षिप्रा ओलांडाल तर तलवारीनेच स्वागत होईल, असा निरोप त्यांनी पाठविला. अहिल्याबाईंनी आणखी असे कळविले म्हणतात की, बाईशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, आणि हरलात तर अपकीर्तीला सीमा नाही. तेव्हा पाऊल विचाराने टाकावे. निरोपाचे नेमके शब्द कोणते होते याविषयी मतभेद असतील. परंतु त्या वेळी अहिल्याबाईंनी नुसती देवाची प्रार्थना केली नाही, हे निश्चित. फौज सज्ज केली. महादजी शिंदे, नागपूरकर भोसले यांच्याशी बोलणी लावली. त्यांनी रघुनाथरावांना साथ देण्याचे नाकारले. पुण्यास माधवराव पेशव्यांकडे सरळ दाद मागितली, आणि त्या न्यायी तरुण पेशव्याने चुलत्याला आवर घालून दौलतीवरील बाईचा हक्क मान्य केला. रघुनाथरावांनी मग आपण मालेरावाच्या निधनाचा दुखवटा करण्यास आलो होतो असे म्हटले, आणि लढाईचा प्रसंग टळला. रामघाटावर सायंकाळी दिवे सोडताना आपल्यापैकी किती जणांना हे आठवते, कोण जाणे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. होळकरांच्या खासगी खजिन्यात मल्हाररावांनी साठविलेली मोठी संपत्ती होती. तिच्यावर अनेकांची नजर होती. अहिल्याबाईंनी त्या खासगी द्रव्यावर गंगोदक शिंपडून तुळशीपत्र ठेवले आणि ते देवकार्यास व परोपकारास वाहून टाकले. तुळशीपत्र ठेवलेली वस्तू पुन्हा आपली म्हणता येत नाही, हे आपण सर्व जाणतो. दौलतीचा सरकारी वसूल आणि हा खासगीचा पैसा यांचे हिशेब त्यांनी शेवटपर्यंत वेगवेगळे ठेवले. फौज, किल्ले, अधिकाऱ्यांचे पगार सरकारी वसुलातून. देवळे, घाट, अन्नछत्रे, पाणपोया खासगीतून. ज्या बाईने सारे देवाचे आहे म्हटले, तिनेच पै-पैचा हिशेब सर्वांत काटेकोर ठेविला. हे वाचले त्या रात्री मी मंडळाची वही पुन्हा उघडली आणि दोन महिन्यांच्या नोंदी नव्याने लिहिल्या.

सैन्याचे आधिपत्य त्यांनी तुकोजी होळकरांना दिले. तुकोजी मल्हाररावांचे पुत्र नव्हेत, पण विश्वासू सेनानी. वयाने अहिल्याबाईंच्या बरोबरीचे असूनही ते त्यांना मातोश्री म्हणत. फौज तुकोजींची, खजिना आणि मुलकी कारभार बाईंचा, अशी ही वाटणी होती. राजधानी त्यांनी नर्मदातीरी महेश्वर येथे नेली. राजाज्ञेच्या कागदांवर स्वतःचे नाव न घालता श्रीशंकर एवढीच अक्षरे त्या घालीत. राज्य शंकराचे, आपण त्याची कारभारीण.

या कारभारणीचा दिनक्रम माल्कमने तिच्या काळी हयात असलेल्या माणसांना विचारून लिहिला आहे. सूर्योदयापूर्वी घटकाभर उठावे, स्नान, पूजा, पुराणश्रवण. मग आपल्या हाताने दानधर्म, ब्राह्मणभोजन, त्यानंतर स्वतःचे साधे शाकाहारी भोजन. त्यांच्या जातीला मांस वर्ज्य नसतानाही त्या ते घेत नसत. थोडी विश्रांती घेऊन दुपारी दोनच्या सुमारास दरबारात बसत, त्या सूर्यास्तापर्यंत. संध्याकाळी पुन्हा दोनतीन तास उपासना आणि फराळ. रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागदपत्रे. पडद्याची चाल त्यांनी कधी पाळली नाही. खुल्या दरबारात कोणाही रयतेचे गाऱ्हाणे त्या स्वतः ऐकून घेत. आपल्या हाती असलेल्या सत्तेचा जाब ईश्वरापुढे द्यावयाचा आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि त्यामुळेच एखाद्याला कठोर शिक्षा देण्याचा प्रसंग आला की त्या फार विचार करीत. वकिलांचा आणि कारभाऱ्यांचा आग्रह त्यांना हलवीत नसे. चांगला माणूस मिळाला की त्या त्याला सहसा बदलीत नसत. गोविंदपंत गानू हे कारभारी त्यांच्या राज्यात वर्षानुवर्षे काम पाहात होते.

इंदूरच्या देवीचंद नावाच्या सावकाराची हकीकत माल्कमने दिली आहे. तो निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ जवळच होता आणि फौजेला नेहमीप्रमाणे पैशाची चणचण होती. मृताच्या संपत्तीतून सरकारचा वाटा घ्यावा, असे त्यांच्या मनात आले. सावकाराची विधवा महेश्वरास धावली. अहिल्याबाईंनी तिलाच सर्व संपत्तीची मालकीण ठरवून मानाचे वस्त्र दिले आणि तुकोजींना इंदुरापासून तळ हलविण्याचा हुकूम पाठविला. तुकोजींनी तो मुकाट्याने मानला. खरगोणकडील एका सावकारी घराण्यातील विधवांनी तर आपण होऊन द्रव्य बाईंच्या पायाशी ठेवले होते. तेही त्यांनी घेतले नाही, तुम्हीच तुमच्या हाताने लोकोपयोगी कामात लावा, असे सांगितले. निपुत्रिकाचे धन राजाने घ्यावे अशी वहिवाट त्या काळी पुष्कळ ठिकाणी होती. कायद्याने मिळणारा पैसाही देवाच्या नजरेखाली घेता येईना, म्हणून सोडून दिला.

हे सर्व सांगताना त्यांना कधी अपयश आलेच नाही, असे भासविणे बरे नाही. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी बंड केले तेव्हा सैन्य पाठवून ते मोडावे लागले. भिल्लांच्या उपद्रवावर प्रथम त्यांनी शिक्षेचा उपाय केला, आणि मग डोंगरातून जाणाऱ्या मालावर त्यांची जुनी पट्टी, म्हणजे भिलकवडी, त्यांना ठेवून वाटेच्या संरक्षणाची जबाबदारी त्यांच्याच माथी दिली. तुकोजींशी पैशावरून वारंवार कुरबुरी झाल्या. शिंदे आणि होळकर यांचे वितुष्ट तर वाढतच गेले. १७९३ साली लाखेरीच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा शिंद्यांकडून मोठा पराभव झाला. दोन्ही बाजूंना मराठी माणसे मेली. सत्तरीकडे झुकलेल्या त्या माउलीला हे पाहावे लागले. श्रीशंकराच्या नावाने राज्य चालविले म्हणून सर्व लढाया जिंकता येतात, असे तिच्या चरित्रातून निघत नाही.

त्यांच्या देवस्थानकार्याची यादी सर्वपरिचित आहे, म्हणून येथे थोडक्यात लिहितो. १६६९ साली औरंगजेबाने पाडलेल्या काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० पर्यंत पुन्हा उभे केले. सोमनाथास १७८३ साली नवे मंदिर बांधले. गयेस विष्णुपद मंदिर, वेरुळास घृष्णेश्वर, काशीस घाट, ठिकठिकाणी धर्मशाळा आणि विहिरी. यांतील बहुतेक स्थाने त्यांच्या राज्याबाहेर, परक्या सत्तांच्या मुलखात होती. तेथे त्यांनी फौज नेली नाही. पत्रे, परवानग्या आणि रोख पैसा एवढ्यावर काम केले. दूरदूरच्या देवस्थानांना गंगेच्या कावडी दरसाल जात. आपल्या उज्जयिनीत शिंद्यांचे राज्य असताही चिंतामण गणपतीच्या देवळाचा जीर्णोद्धार आणि तेथील बारव हे त्यांचेच काम, असे पूर्वापार सांगण्यात येते. गणपतीच्या दर्शनाला गेल्यावर ती बारव अवश्य पाहावी.

मला मात्र त्या मोठ्या मंदिरांपेक्षा दुसरे एक लहानसे कार्य अधिक मोहविते. महेश्वरच्या आसपास उन्हाळ्यात नांगर ओढणाऱ्या बैलांना बाईंची माणसे थांबवून पाणी पाजीत. शेतकरी पिकावरून पाखरे हाकलतात, म्हणून पाखरांसाठी त्यांनी काही शेतेच विकत घेऊन मोकळी सोडली होती. असा खर्च पाहून एखादा आजचा हिशेबनीस कपाळाला हात लावील. मीसुद्धा कदाचित लावला असता.

१७९१ साल उजाडले. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा एकुलता मुलगा नथोबा, आजीचा लाडका, आधीच मरण पावला होता. आणि आता यशवंतरावही वारले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी सुनेपुढे केली होती, तीच विनवणी आता अहिल्याबाईंनी मुलीपुढे केली. राणी म्हणून नव्हे, आई म्हणून तिने जमिनीवर डोके ठेवले. मुक्ताबाईंचे उत्तर शांत आणि कठोर होते : तू वृद्ध आहेस, थोड्याच वर्षांत तुझे जीवन संपेल, माझा पती गेला, पुत्र गेला, मग तू गेल्यावर माझे आयुष्य मला असह्य होईल आणि मानाने मरण्याची ही वेळही निघून गेलेली असेल. आईचे काही चालले नाही.

हा प्रसंग गौरवाने सांगावा असा नाही, आणि मी तो तसा सांगत नाही. अहिल्याबाईंनी मुलीला एकटे जाऊ दिले नाही. त्या मिरवणुकीबरोबर पायी चालत गेल्या, चितेजवळ उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाला उठल्या तेव्हा तो आजन्मीचा संयम सुटला. त्यांनी किंकाळ्या फोडल्या, सोडवून घेण्याची धडपड केली, आपलेच हात दातांनी चावले. चिता शांत झाल्यावर त्या भानावर आल्या आणि नर्मदेत स्नान करून वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, एक शब्द उच्चारला नाही.

शाळेच्या चित्रातील ती शांत मुद्रा मला यानंतर कधी तशी दिसली नाही. शुभ्र वस्त्रामागे या तीन दिवसांचे मौन आहे. त्या मौनात त्यांचे आणि श्रीशंकराचे काय बोलणे झाले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही आणि ठेवणे शक्यही नव्हते. मी वडिलांना विचारले की, इतके सोसल्यावरही त्या देवावर विश्वास ठेवू शकल्या त्या कशा? वडील निर्माल्य गोळा करीत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत; मग म्हणाले की, विश्वास होता म्हणून त्या चवथ्या दिवशी दरबारात आल्या, की दरबारात आल्या म्हणून विश्वास राहिला, हे त्यांनाही सांगता आले नसते. इतके बोलून ते हात धुण्यास गेले.

अहिल्याबाईंनी मुलीच्या आणि जावयाच्या स्मरणार्थ महेश्वरी सुंदर छत्री बांधविली आणि पूर्ववत कामास लागल्या. दुपारी दोनला दरबार, रात्री नऊला कागदपत्रे. त्या काळी एका ब्राह्मणाने त्यांची स्तुती करणारा एक ग्रंथ रचून आणला होता. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, आपण दुर्बल आणि पापी स्त्री आहोत, या स्तुतीला पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत सोडून देण्याचा हुकूम दिला. कवीकडे पुन्हा लक्ष दिले नाही. (स्तुतिग्रंथ लिहिणाऱ्या आम्हां मंडळींनी ही गोष्ट विसरू नये!)

शके १७१७ च्या श्रावण वद्य चतुर्दशीस, म्हणजे १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तर वर्षांच्या वयात महेश्वर येथे त्यांनी देह ठेविला. दोन वर्षांनी तुकोजीही गेले. पुढे घराण्यात कलह माजला, आणि १८०१ साली यशवंतराव होळकरांनी उज्जयिनीजवळ शिंद्यांच्या पलटणी कापून काढल्या, तर त्याच वर्षी शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटून जाळले. अठ्ठावीस वर्षे ज्या माळव्यात व्यापारी रात्री निर्धास्त झोपत, तो माळवा सहा वर्षांत उघडा पडला. माल्कम या प्रदेशात आला तो याच अराजकानंतर. ब्राह्मणांना दक्षिणा देणाऱ्या बाईची ब्राह्मणांनी केलेली ही स्तुती असावी, अशा शंकेने त्याने सर्व जातींच्या आणि थरांच्या माणसांना विचारून पाहिले. जितका अधिक शोध घ्यावा तितका आदर वाढतच गेला, अशी कबुली त्याने दिली आहे.

महेश्वरच्या वाड्यात त्यांची गादी आजही पाहावयास मिळते. साधी बैठक आहे. सिंहासनाचा थाट मुळीच नाही. जवळच लिंगार्चनाची त्यांनी चालविलेली प्रथा सुरू आहे. सकाळी ब्राह्मण बसतात, काळ्या मातीची लहान लहान शिवलिंगे पाटावर ओळीने घडवितात, त्यांची यथासांग पूजा होते, आणि मग ती सर्व लिंगे नर्मदेच्या पात्रात विसर्जित करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली माती आणली जाते.